सालदार ठेवणार धनी, मग काढणार कोण?

आखाजी आली म्हणजे खानदेशांत सालदार ठरतो. धनी आणि सालदार समोरासमोर बसतात. धान्य किती, रोकड किती, घोंगडी आणि पायताण कोणाकडून, सणाच्या सुट्या किती, हें सर्व तोंडावर बोलून घेतलें जातें आणि मग वर्षाचा शब्द पक्का होतो. ज्यानें ठेवला त्यानेंच जाब विचारावा आणि काढावयाचा झाला तर त्यानेंच काढावा, हें कोणास शाळेंत जाऊन शिकावें लागत नाहीं. गल्लींतल्या बाकीच्या सालदारांनीं एका रात्रीं जमून "हा गडी उद्यांपासून बंद" असें ठरविलें आणि धन्याला तें दुसऱ्या दिवशीं बाजारांत कळलें, असा प्रकार आम्हीं तरी कोठें ऐकला नाहीं. पण जी गोष्ट शेतांत हसण्यावारी जाईल, तीच शहराच्या कारभारांत कायदा म्हणून चालते! म्हणून आज आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींशीं नगराध्यक्षाच्या निवडणुकीच्या नियमांविषयीं चार शब्द बोलावे असें आम्हीं योजिलें आहे. विषय रुक्ष आहे खरा. पण नळाचें पाणी, गटार, बाजारांतला ओटा आणि घरपट्टी, सारें ह्याच नियमांच्या पोटांतून बाहेर पडतें.

२०२५ च्या डिसेंबरांत पारोळ्यासह महाराष्ट्रांतल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायती यांच्या निवडणुका झाल्या. बहुतेक नगरपरिषदांत प्रत्येक मतदाराच्या हातीं तीन मतें होतीं. दोन आपल्या प्रभागांतल्या दोन नगरसेवकांसाठीं, आणि तिसरें सबंध शहराच्या नगराध्यक्षासाठीं. कुंभाराचें मत आणि सावकाराचें मत एकाच वजनाचें. पारोळ्याच्या किल्ल्याकडे पाहिलें म्हणजे ह्या गोष्टीचें मोल ध्यानांत येतें. १७२७ सालीं तो किल्ला जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनीं बांधला असें सांगतात. खंदकाच्या आंत राहणाऱ्या धन्याला बाहेरच्या बाजारपेठेनें निवडलें नव्हतें, आणि काढण्याची तर गोष्टच नको. पुढें इंग्रजींत नगरपालिका आल्या. पण ज्याच्या नांवावर घर किंवा कराची पावती त्यालाच मत, असा रिवाज फार काळ चालला. ज्यानें भिंत बांधली तो गवंडी बाहेर आणि ज्याची भिंत तो मतदार, असा तो न्याय!

त्या काळांतल्या दोन गोष्टी आमच्या वाचकांनीं गांठीस बांधून ठेवाव्या. पहिली पुण्याची. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पर्यंत पुणें नगरपालिकेचे सभासद होते. त्यांना लोकांनीं निवडलें नव्हतें, सरकारनें नेमलें होतें. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठीं हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला तेव्हां सगळे सभासद माना डोलवीत असतां एकट्या जोतीरावांनीं विरुद्ध मत दिलें. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असें त्यांचें म्हणणें. ज्यानें नेमलें त्याच्याच पाहुण्याच्या खर्चाला नाहीं म्हणणारा माणूस लाखांत एखादा निघतो. पण लाखांत एखाद्याच्या भरंवशावर गांवचा कारभार चालत नाहीं. सामान्य माणूस ज्यानें नेमलें त्याच्याकडेच पाहतो, हा जगाचा नियम आहे.

दुसरी गोष्ट महाडची. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें अस्पृश्य मानलेल्या आमच्या बांधवांस खुलें असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखा उदार अध्यक्ष तेथें होता. ठराव झाला आणि दप्तरांत निजला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों माणसांसह तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले, तेव्हां कोठें त्या कागदाला अर्थ आला. पण गोष्ट येथें संपत नाहीं. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत नगरपालिकेनें आपला तो ठराव रद्द केला! पुढें दहा वर्षें कोर्टकज्जा चालून १९३७ सालीं उच्च न्यायालयांत लोकांचा जय झाला. सभासदांनीं दिलेलें सभासदच परत घेतात, आणि लोक जागे असतील तेव्हांच तें टिकतें, हा ह्या गोष्टीचा बोध.

आतां आपल्या तिसऱ्या मताची कुंडली पाहूं. नगरपरिषदांचा सध्यांचा कायदा १९६५ चा. १९७४ सालीं नगराध्यक्ष थेट लोकांनीं निवडावा असें झालें. पुढें तें मोडलें आणि निवड पुन्हां नगरसेवकांच्या हातीं गेली. २००१ सालीं थेट निवडणूक परत आली. २००६ सालीं परत गेली. २०१६ सालीं आली; २०२० सालीं गेली; २०२२ च्या जुलैंत पुन्हां आली. ह्या काळांत मुंबईंत राज्य करणारे पक्ष बदलले, पण एक गोष्ट बदलली नाहीं. नियम बदलतांना मतदाराला कोणीं विचारलें नाहीं. ज्या मोसमांत जो नियम सोयीचा तो लावावयाचा, असा हा हिशेब. शेतकरी पावसाच्या लहरीला कंटाळतो, पण पाऊस निदान कोणाचें हित पाहून पडत नाहीं.

आणखी एक मौज पाहा. जळगांव आणि धुळें येथें २००३ पासून महानगरपालिका आहेत. तेथील महापौर लोक निवडीत नाहींत; नगरसेवक त्याला अडीच वर्षांसाठीं निवडतात. म्हणजे पारोळ्याच्या मतदाराला सबंध शहराचा प्रमुख निवडण्याची अक्कल आहे, आणि तोच मतदार पोटासाठीं जळगांवला जाऊन राहिला कीं ती अक्कल नाहींशी होते! थेट निवड चांगली असेल तर ती मोठ्या शहराला कां नको? आणि वाईट असेल तर लहान शहराच्या गळ्यांत कां? ह्याचें सरळ उत्तर आम्हांस आजवर मिळालेलें नाहीं.

आमचें मत विचाराल तर थेट निवडणूकच बरी. नगरसेवकांनीं अध्यक्ष निवडावयाचा म्हटलें कीं वीसपंचवीस माणसांत निम्म्याहून एक अधिक हाताशीं धरला म्हणजे झालें. मग निवडीच्या आठवडाभर आधीं सभासद "सहलीला" जातात, त्यांच्या घरच्यांना सुद्धां ठिकाण सांपडत नाहीं, आणि मतदानाच्या दिवशीं ते मोटारींतून मेंढरांसारखे उतरतात, हें महाराष्ट्रानें कितीदां तरी पाहिलें आहे. बाराजणांस विकत घेणें सोपें. सबंध शहर विकत घेणें त्या मानानें अवघड. थेट निवडणुकींत उमेदवाराला निदान एकदां तरी कुंभारवाड्यांत, मोमिनांच्या गल्लींत आणि गांवकुसाबाहेरच्या वस्तींत हात जोडून यावें लागतें. पांच वर्षांतून एकदां कां होईना, मान लवते!

पण दुसऱ्या बाजूचें म्हणणेंही आपण प्रामाणिकपणें ऐकलें पाहिजे. कोणी म्हणेल, अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचें झालें कीं दोन बैल दोन दिशांना ओढतात आणि गाडा जागच्या जागीं राहतो. हें खरें आहे. कोणी म्हणेल, सबंध शहरांत निवडणूक लढविणें गरिबाचें काम नव्हे. हेंही खरें आहे. राज्य निवडणूक आयोगानें २०२५ च्या निवडणुकीसाठीं खर्चाची जी मर्यादा घातली, ती चाळीस हजारांपर्यंत वस्तीच्या 'क' वर्ग नगरपरिषदेंत नगराध्यक्षासाठीं साडेसात लाख रुपये आणि नगरसेवकासाठीं अडीच लाख रुपये होती. २०११ च्या जनगणनेंत पारोळ्याची वस्ती चाळीस हजारांच्या आंतच भरली होती, म्हणजे आपलें शहर ह्याच मापाचें. ही मर्यादा म्हणजे कायद्यानें मान्य केलेला खर्च. कायद्याबाहेरचा कोण मोजतो? भाकड गाय विकून मुलीचें लग्न करणाऱ्या घरांतून साडेसात लाख कोठून यावे? तेव्हां थेट निवडणुकीनें सारें साधलें, अशा भ्रमांत आम्ही नाहीं. दार उघडें झालें, पण उंबरठा अजून उंच आहे.

एवढें असूनही आम्ही थेट निवडणुकीच्या बाजूनें आहों, कारण वर सांगितलेल्या दोन्ही खोडींना औषध आहे. मात्र तें औषध मुंबईच्या मंत्रालयांत मिळणार नाहीं. तें पारोळ्याच्या वेशीबाहेर, आपल्याच तालुक्यांतल्या खेड्यांत आहे.

खेड्यांतला सरपंच २०१७ पासून थेट निवडण्याची पद्धत आली. मध्यें २०२० सालीं तिच्यावरही कुऱ्हाड पडली आणि २०२२ सालीं ती परत आली. ह्या पद्धतींत थेट निवडलेल्या सरपंचाला काढावयाचें असेल तर पंचायतीच्या तीन-चतुर्थांश सभासदांनीं अविश्वासाचा ठराव केला तरी तेवढ्यानें काम होत नाहीं. तो ठराव ग्रामसभेपुढें न्यावा लागतो आणि गांवचे मतदार गुप्त मतदानानें काय तें ठरवितात. ज्यांनीं बसविलें त्यांनाच विचारलें! हा सालदाराचा जुना न्याय झाला.

आतां शहराकडे पाहा. थेट निवडलेल्या नगराध्यक्षाला दूर करण्याचा निर्णय पूर्वीं सरकारच्या हातीं होता. २०२५ च्या एप्रिलांत राज्य मंत्रिमंडळानें असें ठरविलें कीं, निवडून आलेल्या सभासदांपैकीं दोन-तृतीयांशांनीं मनांत आणलें तर त्याला काढतां यावें. सरकारच्या मुठींतून तो अधिकार सभासदांच्या मुठींत आला. मतदाराची मूठ रिकामीच राहिली. हजारों मतदारांनीं दिलेलें पद पंधरावीस सभासदांनीं काढून घ्यावें आणि त्या हजारोंना एका शब्दानेंही विचारूं नये, हा कोणता न्याय? नगराध्यक्ष नालायक निघाला तर तो जावा, आमचें त्याला अनुमोदन आहे. पण तो नालायक निघाला कीं ठेकेदाराच्या बिलावर सही करीना म्हणून नकोसा झाला, हें ठरवावें कोणीं? लबाडाला काढणारे आणि प्रामाणिकाला काढणारे एकाच दारानें आंत येतात. त्या दारावर मतदाराचा पहारा नको काय?

ह्याच्या मुळाशीं एक मोठी उणीव आहे. खेड्याला ग्रामसभा आहे. कायद्यानें ती वर्षांतून चार वेळां भरावी लागते आणि बहुतेक गांवीं २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ह्या तारखा तिच्यासाठीं ठरून गेल्या आहेत. ती नेमानें भरते कीं कागदावर भरते, हा वेगळा प्रश्न. पण तामसवाडीच्या शेतकऱ्याला सर्वांसमोर उभें राहून "हा पैसा कोठें गेला?" असें विचारण्याचा हक्क आहे. तोच शेतकरी पोरांच्या शिक्षणासाठीं पारोळ्यांत घर करून राहिला कीं तो हक्क वेशीबाहेरच राहतो. शहराला सभा नाहीं. राज्यघटनेंत प्रभाग समित्यांची तरतूद आहे, पण ती सक्तीची आहे तीन लाख आणि त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना. पारोळ्यासारख्या गांवानें त्या पंगतींत बसावयाचें नाहीं. महाराष्ट्राच्या कायद्यांत २००९ च्या सुमारास क्षेत्रसभा नांवाची एक गोष्ट आली, परंतु ग्रामसभेसारखी ती लोकांच्या अंगवळणीं पडली नाहीं. विचारावें म्हटलें तर प्रभागांत दोन नगरसेवक. एक दुसऱ्याकडे बोट दाखवितो आणि दुसरा मुख्याधिकाऱ्याकडे. निवडणुकीच्या गप्पा चालल्या असतां एका म्हाताऱ्या कुंभारानें आम्हांस सांगितलें, "मत आमनं, पन राज त्यासनं. मी कोनले इचारू?" ह्या चार शब्दांत साऱ्या कायद्याची समीक्षा आली.

आणि प्रतिनिधीच नसले तर काय होतें, तेंही आपण नुकतेंच भोगलें आहे. २०१६ च्या अखेरीस निवडलेल्या नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. घटनेनें नगरपरिषदेला पांच वर्षांहून एक दिवसही अधिक आयुष्य दिलेलें नाहीं आणि मुदत संपण्यापूर्वीं निवडणूक घ्यावी असें बजावलें आहे. पण २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें इतर मागासवर्गाच्या जागांविषयीं पूर्ण माहिती व तपशील मागितला, सरकारपाशीं तो तयार नव्हता, आणि त्या घोळांत जवळजवळ चार वर्षें शहरांवर प्रशासक बसले. शेवटीं ६ मे २०२५ रोजीं न्यायालयानेंच निवडणुका घ्या म्हणून हुकूम केला तेव्हां गाडा हलला. इतर मागासवर्गाचें आरक्षण आम्हांस हवेंच आहे. १९९४ पासून मिळालेल्या २७ टक्के जागांनीं तेली, माळी, शिंपी, सुतार यांच्या घरचीं माणसें प्रथमच नगरपालिकेच्या खुर्चीवर बसलीं. स्त्रियांसाठीं २०११ पासून निम्म्या जागा राखल्या, तेंही योग्यच झालें. पण आमच्याच आरक्षणाचें कारण पुढें करून आमचेंच मत चार वर्षें कुलपांत ठेवलें, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं. माहिती गोळा करणें सरकारचें काम होतें. उपास मात्र मतदाराला घडला. आणि राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईच्या खुर्चीवर तिचा नवरा बसत असेल, तर तो दोष आरक्षणाचा नव्हे, त्या नवऱ्याचा आणि तें पाहून गप्प बसणाऱ्या आपणा सर्वांचा आहे.

तेव्हां मागावयाचें काय, तें नीट ठरवून मागूं या. पहिलें, अध्यक्ष निवडण्याचा नियम एकदां ठरला कीं तो मोसमागणिक बदलूं नये. बदलावयाचाच असेल तर तो पुढच्या निवडणुकीला न लावतां तिच्या पुढच्या निवडणुकीला लावावा, म्हणजे आजच्या राज्यकर्त्याला आजची सोय पाहतां येणार नाहीं. दुसरें, पांच वर्षें संपण्यापूर्वीं निवडणूक झालीच पाहिजे. प्रशासक ही आजाऱ्याची पेज आहे, ती रोजचें जेवण होऊं नये. तिसरें, थेट निवडलेल्या नगराध्यक्षाला सभासदांनीं दूर करण्याचें ठरविलें तर, सरपंचाप्रमाणेंच, त्या ठरावावर मतदारांचा कौल घ्यावा. आणि चौथें, जें आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें, तें हें कीं लहान शहराच्या प्रत्येक प्रभागांत वर्षांतून चार वेळां मतदारांची सभा भरावी, तींत जमाखर्च मोठ्यानें वाचला जावा आणि प्रश्न विचारणाऱ्याचें नांव व मिळालेलें उत्तर लिहून ठेवावें.

सभा भरूं लागली तर वरचीं दोन्ही दुखणीं कमी होतील. अध्यक्ष आणि सभासद भांडत असतील तर कोण अडवितो तें चारचौघांत उघडें पडेल. आणि ज्याच्यापाशीं साडेसात लाख नाहींत, पण दर सभेला उठून नेमका प्रश्न विचारतो, त्याचें नांव पांच वर्षांत पैशावांचून घराघरांत पोहोंचेल. गरिबाला निवडणुकीचा उंबरठा ओलांडण्याची याहून दुसरी पायरी आम्हांस दिसत नाहीं.

बालाजीच्या रथोत्सवांत आपण सारे रथ ओढतो. दोर हजारों हातांत असतो, पण नुसत्या दोरानें रथ चालत नाहीं. खानदेशांतल्या रथांच्या चाकाखालीं मोगरी लावणारीं माणसें असतात. तीं नसतील तर उतारावर रथ घरांत घुसेल. पांच वर्षांतून एकदां मत देणें हें दोर ओढणें झालें. सभा ही मोगरी आहे. आपण मोगरी न लावतां रथ सोडून देतों, आणि मग भिंत पडली म्हणून रडतों.

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसावें काय? मुळींच नाहीं. प्रभागांतल्या लोकांनीं देवळाच्या ओट्यावर, मशिदीच्या अंगणांत किंवा शाळेच्या पटांगणांत जमून आपल्या दोन्ही नगरसेवकांना आणि नगराध्यक्षांना बोलावण्यास कोणत्याही कायद्याची बंदी नाहीं. जो येईल तो आला. जो येणार नाहीं त्याची रिकामी खुर्ची सर्वांना दिसेल. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांच्या अर्जावर ठरावाची नक्कल मागतां येते. प्रत्येक गल्लींतल्या एका शिकल्या मुलानें किंवा मुलीनें तीन महिन्यांतून एकदां एक अर्ज केला आणि आलेलें उत्तर पारावर वाचून दाखविलें, तरी कारभाराची चाल बदलेल. जोतीराव एकटे होते. आपण तर हजारोंनीं आहों.

पुढच्या आखाजीला सालदाराशीं बोलणी करतांना, किंवा स्वतः सालदार म्हणून बोलणी करतांना, आमच्या वाचकांनीं मनाशीं एवढाच प्रश्न विचारावा. एका घरचें साल ठरवितांना आपण घोंगडीपर्यंत सारें बोलून घेतों. मग सबंध शहराचें पांच वर्षांचें साल ठरवितांना आपण काय बोलून घेतलें? कांहींच नाहीं, असें उत्तर आलें तर दोष नगराध्यक्षाला देण्यापूर्वीं आपल्या प्रभागाची पहिली सभा कोणत्या दिवशीं भरवायची, तो दिवस ठरवावा.